मधला परिच्छेद

९ जानेवारी

ती. आत्या,
सा. न.

ऑगस्टनंतर तुला पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी. ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ भरपूर होता. जे सांगण्यासारखं होतं ते सांगायचं नव्हतं, आणि ते वगळून लिहिलं असतं तर तू हुंगून काढलं असतंस. फोन करावा तर तुझं कानाचं यंत्र. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला फोनवर ऐकू येऊ नये, यावर तू स्वतःच हसतेस म्हणून मीही हसून घेते.

कामाचं आधी. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात अजून आम्ही दोघंच. कातरकाका कापायच्या मशीनवर, आणि शिवण-दुरुस्ती माझ्याकडे. सध्या पाणीपुरवठा खात्याचं नकाशांचं जाडजूड पुस्तक आलंय. निळ्या रेघा म्हणजे नळ, लाल ठिपके म्हणजे जमिनीखालचे व्हॉल्व्ह. इंजिनिअर लोकांनी ते वर्षानुवर्षं खड्ड्यांच्या काठावर उघडलंय, त्यामुळे घडी न् घडी फाटलेली. प्रत्येक फाटीवर पातळ कागदाची पट्टी खळीने चिकटवायची. आधी पट्टीचे तंतू कुठल्या बाजूने धावतात ते पाहायचं, कारण आडवी लावली तर वाळताना नकाशा ओढला जातो. हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं.

आता हा मधला परिच्छेद. आपल्या घरची रीत म्हणजे वाईट बातमी मध्ये, तेव्हा तू आधी इथेच आली असशील. दोन वर्षांपूर्वी स्तनातली गाठ काढली होती, तो आजार परत आलाय. या वेळी कमरेच्या आणि पाठीच्या हाडात. सप्टेंबरात कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा पुरता जाणार नाही, पण औषधांनी ताब्यात राहू शकतो, आणि पुष्कळ बायका असा आजार सोबत घेऊन बरीच वर्षं काढतात. बरीच म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. दर मंगळवारी सलाईनमधून औषध घेते. खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर दिवस चांगला जातो.

बाकी बरं आहे. नवरा चष्म्याचं दुकान अर्धा तास आधी बंद करून येतो आणि माझ्याभोवती घिरट्या घालतो. हल्ली माझ्या हातून कपबशा पडतात, म्हणून त्याने माझा नंबर तपासला आणि नवा चष्मा करून दिला. थंडीमुळे असेल. तू कशी आहेस ते लिही.

तुझी खार

२४ जानेवारी

चि. खारीस
अनेक आशीर्वाद.

मधला परिच्छेद दारातच उभ्याने वाचला, मग खुर्चीवर बसून पहिला, मग शेवटचा, मग पुन्हा मधला. तेवढ्यात शेजारीण आली. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “कोण गेलं?” म्हटलं, “कोणी गेलेलं नाही, एक जण पाच महिने गप्प बसली होती ती बोलली.” तिला काही समजलं नाही, पण चहा मात्र पिऊन गेली.

खारे, तुला काय लिहावं ते मला सुचत नाही, आणि सुचत नाही हे मला कबूल आहे. ‘धीर धर’ असं लिहिणाऱ्या माणसांचा मला पूर्वीपासून राग आहे. तेव्हा प्रश्न विचारते. खायला जातं का? झोप लागते का? कामावर जायची सक्ती आहे की तुझीच हौस? हौस असेल तर जा. नसेल तर साहेबाला माझ्या नावाने दोन शिव्या घाल.

मी येऊ का? स्वयंपाक मला जमत नाही हे तुला माहीत आहे, पण घरात एक बहिरं माणूस असलं की भांडायला बरं पडतं.

हातून वस्तू पडतात म्हणतेस, तर हातमोजे घाल. लहानपणीही तुझे हात बर्फासारखे असायचे. कागदाचे कपटे गोळा करून उशीखाली साठवायचीस, तेव्हापासून तुझं नाव खार. आता शहाण्यासारखी लोकरीत हात घाल. जावईबापूंना सांग, सगळे रोग चष्म्याने बरे होत नाहीत.

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: जातं, लागते, हौस.

तू यावंस असं वाटतं, पण आत्ता नको. तू आलीस की मला आजारी असल्यासारखं वागावं लागेल. हे लिहून थांबले आणि खरं आहे का ते तपासलं. साधारण खरं आहे.

केस गेले. गेल्या खेपेला गेले होते तेव्हाच ‘केसांचं काही नाही’ असं तुला लिहिलं होतं, पण सकाळी उशीवर सगळे दिसले की काहीतरी होतंच. भुवयाही विरळ झाल्यात. आरशात एक आश्चर्य संपून गेलेली बाई दिसते. मंगळवारनंतर दोन दिवस तोंडाला पत्र्याची चव असते आणि पाय जड पडतात. हे सगळं होणार असं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. सलाईन सुरू करण्याआधी सिस्टर दर वेळी तेच प्रश्न विचारतात. उलटी? ताप? जुलाब? बोटं? उत्तरं आता पाठ झालीत.

तुला हसवायला एक गोष्ट. नकाशांच्या पुस्तकातल्या एकत्र शिवायच्या पानांचा एक अख्खा जुडगा मी उलटा शिवला. वरचं खाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पानांच्या कडेला वरच्या टोकाशी एक बारीक खाच असते, अंगठा फिरवला की कळतं. मी फिरवला आणि पुढे गेले. कातरकाकांनी पाहिलं आणि म्हणाले, “बाई, गावाचं पाणी आता डोंगर चढणार!” मग दोघांनी मिळून सगळी शिवण उसवली. ते उसवताना काहीच बोलले नाहीत, त्याचं मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरवलेलं नाही.

नवे कपडे शिवून घेतलेत, सगळे बिनबटणांचे. सलाईनला सोयीचे पडतात.

तुझी खार

११ मार्च

चि. खारीस
आशीर्वाद.

आज मी तुझी दोन्ही पत्रं मधून न वाचता खालून वर वाचली. का, ते सांगते.

परवा तुझं पत्र उलटं ठेवून भाजी निवडत होते. कागदावरून हात फिरला तर अक्षरं मागच्या बाजूने फोड आल्यासारखी हाताला लागली. तुझं अक्षर म्हणजे चिमणी वाळूवरून चालून जावी तसं. कपाटातून जुनी पत्रं काढून पाहिली, सगळी पाठीमागून गुळगुळीत. या दोन पत्रांतच तू पेन असं दाबलंयस की कागद फाटता फाटता राहिला. जानेवारीपेक्षा फेब्रुवारीचं जास्त.

मग विचार केला. केसांचं दुःख काही नवं नाही, असं तू स्वतःच लिहितेस. मग मधल्या जागेवर केस कशाला आणून बसवलेस? ती जागा आपल्याकडे कशासाठी असते, ते तुझ्या बापालाही माहीत होतं आणि मलाही. माझी आई वडिलांना पत्रं वाचून दाखवायची. वडिलांचं काळीज नाजूक. म्हणून आधी चार बऱ्या ओळी, मग घाव, मग पुन्हा चार बऱ्या. आम्हा भावंडांना तीच सवय लागली, आणि वाचणाऱ्याला मधून वाचायची. तुला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तू खरी गोष्ट दोन्ही वेळा शेपटाला बांधलीस. पहिल्यांदा कपबशा, दुसऱ्यांदा बटणं. आणि मी हातमोजे घालायला सांगितलं! माझ्यासारखी मूर्ख मीच.

एक्स्चेंजमध्ये मला माणसाचं ‘ठीक आहे’ ऐकून कळायचं की ठीक नाही. कान गेले म्हणून अक्कल गेलेली नाही.

एकच विचारते. बोटांना काय झालंय?

आत्या

२७ मार्च

आत्या,

बोटं बधिर आहेत. दोन्ही हातांची, डिसेंबरपासून. आता पायांचीही.

नमस्कार घालायलाही विसरले, पण हे पहिल्या ओळीत लिहायचं ठरवून बसले होते. मध्ये काही आलं असतं तर लिहिलं गेलं नसतं.

औषधाने नसांना इजा होते. हे पुष्कळांना होतं, सुरुवातीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, म्हणून तर सिस्टर दर मंगळवारी विचारतात. “बोटं बधिर वाटतात? बटणं लावता येतात?” आणि मी दर मंगळवारी सांगते, “काही नाही.” बटणांबद्दल खोटं बोलावं लागू नये म्हणून बटणंच काढून टाकली. किती प्रामाणिक आहे बघ मी.

कारण असं. बाजूच्या खुर्चीवरच्या बाईने बोटांचं सांगितलं, तर तिचा डोस कमी केला. फेब्रुवारीच्या स्कॅनमध्ये माझा आजार जागच्या जागी होता, वाढला नव्हता. म्हणजे औषध लागू पडतंय. ते कमी केलं आणि आजार पुन्हा चालू लागला तर? बोटांसाठी मेले असं व्हायला नको. पण दुसरी बाजूही आहे, आत्या. मला तंतू कळत नाहीत. मी पट्टी डोळ्यांनी अंदाज करून लावते. त्यातल्या दोन आडव्या लागल्या आणि नकाशा सुरकुतला. उद्या ही बोटं गेली तर मी जगून दिवसभर काय करणार? हा प्रश्न मला लाजिरवाणा वाटतो. हाडात कॅन्सर असताना माणसाने बोटांसाठी रडू नये, असं कोणीतरी ठरवून ठेवलंय. बहुधा मीच.

गेल्या आठवड्यात शिवताना नकाशावर एक लाल ठिपका दिसला. बाजारपेठेच्या वळणावर, निळ्या रेघेला लागून. आधी मला व्हॉल्व्हच वाटला. मग तो मोठा झाला. सुई मधल्या बोटात रुतून बसली होती आणि मला पत्ता नव्हता. पुसायला गेले असते तर जुनी निळी शाई पसरली असती, म्हणून टिपून घेतला आणि पान मिटलं. कातरकाकांना सांगितलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो समजतो, नव्या चष्म्याची सवय व्हायचीय.

खार

१२ एप्रिल

चि. खारीस

औषध कमी करावं की नाही, ते मला कळत नाही, आणि तुलाही कळत नाही. ज्या बाईला कळतं, तिच्याशी तू दर मंगळवारी खोटं बोलतेस.

माझ्या बोर्डावर दोन्ही टोकांना पिन लागल्याशिवाय बोलणं होत नसे. तू एकाच टोकाला पिन लावून बसली आहेस. पलीकडचा आवाज येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईचंही तूच बोलतेस, आणि तिच्या तोंडी सगळ्यात वाईट तेच घालतेस. ती काय म्हणेल ते तिला म्हणू दे.

ऑपरेटरने मध्ये बोलायचं नाही, हा आमचा नियम. नोकरीभर पाळला. आता पेन्शनीत आहे, म्हणून मोडते: सांग.

आणि जावईबापूंना आजच सांग. तो बिचारा तुझ्यासाठी तिसरा चष्मा घडवत असेल.

बोटांसाठी रडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आत्या

१० जून

खारे,

पत्र नाही. रागावली असशील तर रागावल्याचं लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, मी त्या मधून वाचीन. एक ओळ टाक.

आत्या

१९ जुलै

ती. आत्या,
सा. न.

वाईट बातमी आधी: परवाच्या स्कॅनमध्ये कमरेच्या हाडातली एक जागा थोडी वाढलेली दिसली. बाकीच्या जागच्या जागी आहेत. सलाईन थांबवून वेगळ्या गोळ्या सुरू केल्यात. स्कॅन हातात आल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझं जूनचं कार्ड आल्यावरही नेट धरला, ते चुकलं. रागावले नव्हते.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्या मंगळवारी सांगितलं. सिस्टरने नेहमीचे प्रश्न सुरू केले आणि मी उलटीच्या प्रश्नाआधीच म्हटलं, “बोटं. डिसेंबरपासून.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या ओरडतील अशी माझी तयारी होती. त्यांनी टेबलावर एक नाणं आणि एक टाचणी ठेवली आणि म्हणाल्या, “डोळे मिटून उचला, कुठलं काय ते सांगा.” मला सांगता आलं नाही. टाचणी तर सापडलीच नाही.

“आधी का नाही बोललात?”

“तुम्ही डोस कमी केला असता.”

“केला असता. कमी डोस म्हणजे उपचार सोडणं नव्हे. पुढचं औषध आहे, त्याच्या पुढचंही आहे. हे तुम्ही मला विचारायचं होतं.”

“आधी सांगितलं असतं तर बोटं वाचली असती?”

“थोडी जास्त वाचली असती, असं वाटतं. खात्रीने नाही सांगता येणार.”

त्यांनी मला बरं वाटावं म्हणून उत्तर बदललं नाही, हे मला आवडलं. औषध काही आठवडे बंद ठेवून मग कमी मात्रेत दिलं. परवा स्कॅन पाहून मी विचारलं, डोस कमी केला म्हणून ती जागा वाढली का? म्हणाल्या, “सांगता येत नाही. पूर्ण डोसवरही वाढते.” मी या वाक्याभोवती दोन दिवस फिरले. अजूनही फिरते. पण आता एकटी फिरत नाही. नवराही बरोबर असतो, आणि त्याचं चालणं माझ्यापेक्षा हळू आहे.

त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझा चष्मा काढून दिव्याकडे धरला. मग म्हणाला, “म्हणजे चष्मा बरोबर होता.” आत्या, मी इतकी हसले की पाठ दुखायला लागली. नंतर तो रडला. मी त्याला गप्प केलं नाही. पूर्वी केलं असतं, कारण त्याचं रडणं मला माझंच एक काम वाटायचं. आता तो रोज सकाळी दुकानात जाण्याआधी माझ्या सुया ओवून देतो आणि जाड कापडाच्या तुकड्यात ओळीने टोचून ठेवतो. मला त्यात कमीपणा वाटेल असं वाटलं होतं. दोन दिवस वाटला, मग कंटाळा आला.

बोटांचं असं: डाव्या हाताच्या करंगळीत आणि अनामिकेत थोडी जाण परत आलीय. बाकीची येतील किंवा येणार नाहीत. कातरकाकांनाही सांगितलं. ते म्हणाले, “तो जुडगा उलटा गेला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बोलायची वाट बघत होतो.” सगळेच वाट बघत होते म्हणजे. मीच मला फार चतुर समजत होते. आता बारीक शिवण ते करतात आणि मी त्यांच्या शेजारी बसून धागा कुठे सैल सुटला ते सांगते. त्यांना ते अजिबात आवडत नाही. म्हणतात, “तुम्ही मुकाट्याने चुकत होता तेच बरं होतं.”

आणि तंतूंचं मला सापडलं! मे महिन्यात एकदा पट्टी दातात धरून दोन्ही हातांनी नकाशा सरळ करत होते, तेव्हा ती ओठाला लागली आणि कळलं. ओठ बधिर नाहीत. कागद ओठावरून हळूच ओढला की एका बाजूने तो निमूट जातो, दुसऱ्या बाजूने किंचित अडतो. बोटांना कळायचं त्याहून जास्त कळतं. खळ लावण्याआधी करायचं, एवढीच काळजी. कातरकाकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मान फिरवून म्हणाले, “बाई, पुस्तकांची आवड असावी, पण इतकी?”

मी बरी झाले असं हे पत्र नाही. तसं पत्र मला बहुधा कधीच लिहिता येणार नाही. पण गेल्या वर्षी याच सुमारास माझं अंग शाबूत होतं आणि मी सगळ्यांना बऱ्या ओळी लिहीत होते. आता अंगाचा बराच भाग बिघडलाय आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. दुसरं मला जास्त निरोगी वाटतं. हे वाक्य फार गोंडस झालं का? दोनदा वाचलं. राहू देते.

तू ये. कामाला नको, भांडायला ये. स्वयंपाक नवरा करतो, तोही तुझ्यासारखाच वाईट करतो. यंत्र घरी ठेवलंस तरी चालेल, मी कागदावर लिहून भांडीन. पेन दाबून लिहिते म्हणून बोलायचं नाही.

नकाशांचं पुस्तक पुरं झालं. सकाळी पाणीखात्याचे इंजिनिअर न्यायला येणार आहेत. पुठ्ठा, पाठ, कोपरे सगळं नीट बसलंय. आज शेवटचं उलगडून पाहिलं. बाजारपेठेच्या वळणावरचा ठिपका वाळून थेट बाकीच्यांसारखा दिसतोय, रंगही तोच. कातरकाकांना दाखवला तर त्यांनाही ओळखता येईना. न बोलता पुस्तक दिलं तरी कोणाला कळणार नाही, असं क्षणभर वाटलं. मग डोळ्यांपुढे आलं, चार माणसं भर बाजारात रस्ता खणून माझा व्हॉल्व्ह शोधतायत.

उद्या: इंजिनिअर साहेबांना दारातच सांगणे, वळणावरचा लाल ठिपका व्हॉल्व्ह नाही, माझा आहे.

तुझी खार